न्यूरोसायकॉलॉजीचा पहिला पेपर : नावं पाठ करायची की विचार करायचा?

केतकीपान :
नमस्कार मंडळी. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात या वर्षी न्यूरोसायकॉलॉजीचा पेपर आलाय आणि पहिल्या दोन युनिट्समध्येच दमछाक झालीये. मी आर्ट्सची, बायॉलॉजी शाळेनंतर सुटलेली. आता एकदम मेंदूचे चार लोब (पुढचा फ्रंटल, वर मागे परायटल, बाजूचा टेम्पोरल, अगदी मागचा ऑक्सिपिटल), मग प्रत्येकाच्या आतले जायरस आणि सल्कस, म्हणजे घड्या आणि खाचा, मग ब्रॉडमनचे नंबर, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागाच्या भागांना दिलेले आकडे, आणि पुढे एक मोठा तक्ता की हा भाग गेला की हा आजार. पाठ करते आणि चार दिवसांत सगळं पुसलं जातं. मला खरंच हा विषय समजून घ्यायचाय, नुसतं पास व्हायचं नाहीये. दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे न्यूरॉलॉजी आणि न्यूरोसायकॉलॉजी यात नेमका फरक काय, दोन्हीकडे मेंदूच आहे ना? आणि दुसरा जरा जास्त मुळातला : दीडशे वर्षांपूर्वीच्या एकेका पेशंटवरून सगळ्या माणसांच्या मेंदूबद्दल नियम कसे काय काढले? बाकीच्या पेपरांत तर सॅम्पल लहान असलं तरी मार्क कापतात.

टिपकागद :
वाचतोय. माझाही हाच पेपर आहे. त्यात ते डॉर्सल, व्हेंट्रल, मीडियल, लॅटरल दिशा डोक्यात बसत नाहीत.

उंबरठा :
केतकीपान, दुसरा प्रश्न फार चांगला विचारलास, अख्खा विषय त्याच प्रश्नावर उभा आहे. मी हा विषय शिकवते आणि हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या चाचण्याही घेते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

आधी फरक. न्यूरॉलॉजिस्टचा पहिला प्रश्न असतो की बिघाड कुठे आहे, कशामुळे झालाय आणि उपचार काय. न्यूरोसायकॉलॉजिस्टचा प्रश्न असतो की या बिघाडामुळे या माणसाचं काय गेलं, काय शाबूत राहिलं, आणि जे गेलं ते कोणत्या पायरीवर अडतंय. समज दोन पेशंट आहेत आणि दोघांनाही समोरच्या किल्लीचं नाव सांगता येत नाही. एकाला ती किल्ली आहे हेच डोळ्यांनी कळत नाही, हातात दिली की लगेच "किल्ली" म्हणतो. दुसरा हाताने कुलूप उघडण्याची खूण करून दाखवतो, "ते... कुलपाचं" असंही म्हणतो, पण शब्द काही केल्या येत नाही. चाचणीच्या कागदावर दोघांनाही शून्य मार्क. पण पहिल्याचा घोटाळा बघून ओळखण्यात आहे, दुसऱ्याचा शब्द सापडण्यात. शून्य का मिळालं हे शोधणं हेच आमचं काम, आणि तू तो तक्ता पाठ करतेस त्यात नेमकं हेच दिसत नाही.

आता एका पेशंटवरून नियम कसा. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडे लेबोर्न नावाचा पेशंट आला. तो एकवीस वर्षं त्याच हॉस्पिटलात होता आणि काहीही विचारलं तरी "टां टां" एवढंच बोलायचा, म्हणून सगळे त्याला टां म्हणायचे. पण बोललेलं बरंचसं समजायचं, हावभाव करायचा, बोटांनी आकडे दाखवायचा, आणि फार संतापला की एखादी शिवी स्पष्ट बाहेर पडायची! म्हणजे जीभ आणि घसा चालत होता, समज होती, ठरवून बोलणं मात्र गेलं होतं. काही दिवसांतच तो वारला, ब्रोकांनी मेंदू पाहिला तर डाव्या फ्रंटल लोबच्या खालच्या मागच्या भागात इजा. त्याच वर्षी दुसरा पेशंट मिळाला, लेलाँ नावाचा, त्याच्याकडे पाचच शब्द उरले होते, इजा जवळपास तिथेच. तरी डाव्या बाजूबद्दल ठाम विधान करायला ब्रोकांनी १८६५ पर्यंत थांबून आणखी केसेस गोळा केल्या. एका पेशंटवरून उडी मारली असं जे वाटतं ते तितकंसं खरं नाही.

पण खरी ताकद नुसत्या केसेस मोजण्यात नाही, ती आहे डिसोसिएशनमध्ये. एखाद्या माणसाचं अ गेलं आणि ब शाबूत राहिलं, तर अ आणि ब मेंदूत एकच गोष्ट नाहीत असा संशय येतो. संशयच, कारण कदाचित अ नुसतंच ब पेक्षा अवघड असेल, आणि मेंदूला काहीही झालं की अवघड ते आधी जात असेल. म्हणून दुसरा, उलटा पेशंट लागतो : ज्याचं ब गेलंय आणि अ ठणठणीत आहे. असा मिळाला की "अवघड सोपं" ही पळवाट बंद. याला डबल डिसोसिएशन म्हणतात, हान्स-लुकास टॉइबर यांनी १९५५ मध्ये हा विचार नीट मांडला. इथे पेशंट शंभर आहेत की दोन याने फारसा फरक पडत नाही, कारण आपण सरासरी काढतच नाही आहोत, अमुक जोडी तुटू शकते का एवढंच दाखवतोय. आणि ती एकदा तुटली तर तुटू शकते हे सिद्ध झालं.

केतकीपान :
ताई, हे वाचून खूप बरं वाटलं. डबल डिसोसिएशनची व्याख्या आमच्या नोट्समध्ये दोन ओळींत होती आणि मी ती जशीच्या तशी घोकली होती, ती पळवाट बंद करायला आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. स्मरणशक्तीत याचं उदाहरण काय देता येईल? पुढच्या युनिटमध्ये एच. एम. आहे.

उंबरठा :
एच. एम. हा अर्धा भाग झाला. हेन्री मोलेसन, १९५३, तीव्र फिट्स थांबवण्यासाठी विल्यम स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला, त्यात हिप्पोकॅम्पसचा (नवीन आठवणी पक्क्या करायला लागणाऱ्या भागाचा) मोठा भाग गेला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. फिट्स खूप कमी झाल्या, पण त्यानंतर नवीन घटना लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याच्यावर अनेक वर्षं काम केलं आणि त्या प्रत्येक वेळी त्याला नव्याच असायच्या. पण सांगितलेले आकडे लगेच परत म्हणणं त्याला आपल्यासारखंच जमायचं. म्हणजे तात्पुरतं धरून ठेवणं शाबूत, पक्कं साठवणं गेलं.

उलटा पेशंट के. एफ., टिम शॅलिस आणि एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी १९७० मध्ये मांडलेला. त्याला ऐकलेले दोन आकडे सुद्धा धड परत म्हणता येत नसत, पण गोष्टी शिकणं आणि दीर्घकाळ लक्षात राहणं मात्र व्यवस्थित. त्या काळी सर्वसाधारण समज होता की माहिती आधी अल्पकालीन साठ्यात जाते आणि तिथूनच दीर्घकालीन साठ्यात उतरते. तसं एकच दार असतं तर के. एफ. काहीच शिकू शकला नसता. एक पेशंट, आणि सगळ्या पाठ्यपुस्तकातली ती चौकटी-बाणाची आकृती बदलावी लागली.

आणि एच. एम.चा आरशातला तारा विसरू नकोस. आरशात बघून ताऱ्याच्या दुहेरी कडेमधून पेन्सिल फिरवायची, आपला हातही सुरुवातीला उलटाच जातो. तीन दिवस हा सराव दिला, रोज त्याच्या चुका कमी होत गेल्या, पण हे आपण आधी कधी केलंय हेच त्याला आठवत नव्हतं. हाताचं शिकणं आणि प्रसंग आठवणं वेगळं आहे हे तिथून कळलं. हा माणूस २००८ मध्ये गेला, त्यानंतरच त्याचं पूर्ण नाव जाहीर झालं. पेपरात एच. एम. लिहिताना मला नेहमी वाटतं की या माणसाने अर्ध्या शतकाहून जास्त काळ संशोधकांना आपला वेळ दिला, त्याबद्दल आदर ठेवून लिहावं.

गारवा :
चर्चा छान चाललीये. पण एक शंका मांडतो, मी या क्षेत्रात संशोधन करतो म्हणून. ब्रोकांचं नाव आलं की लोक "ब्रोका एरिया म्हणजे बोलण्याचं केंद्र" असं लिहून मोकळे होतात. लेबोर्न आणि लेलाँ यांचे दोन्ही मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेले आहेत आणि २००७ मध्ये नीना ड्रोंकर्स आणि सहकाऱ्यांनी त्यांचे एमआरआय काढले. इजा वरून दिसत होती त्याहून खूप खोल होती, इन्सुलापर्यंत (बाजूच्या खोल खाचेत दडलेल्या भागापर्यंत) आणि मागच्या-पुढच्या भागांना जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंच्या जुडग्यापर्यंत. ब्रोकांनी मेंदू कापला नव्हता (जपायचा होता म्हणून), त्यामुळे त्यांना वरचं तेवढंच दिसलं.

दुसरं म्हणजे, भाग गेला आणि काम गेलं यावरून "ते काम त्या भागात राहतं" असं म्हणता येत नाही. रिचर्ड ग्रेगरी यांचा जुना दाखला आहे : रेडिओतला एक रेझिस्टर काढला आणि रेडिओ किंचाळायला लागला, तर त्या रेझिस्टरचं काम किंचाळणं थांबवणं असं कुणी म्हणेल का? भाग कशाकशाला जोडलेला आहे ते बघावं लागतं. केतकीपान, तुमच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत एक भाग आणि एक काम असेल तर तो तक्ता फेकून द्या असं माझं स्पष्ट मत आहे.

उंबरठा :
गारवा, रेडिओबद्दल पूर्ण सहमत. तक्ता फेकण्याबद्दल नाही, सुरुवातीला काहीतरी खुंटी लागतेच. फक्त "इथे अमुक राहतं" असं न लिहिता "इथे इजा झाली की अमुक अडतं" असं लिहायची सवय लाव केतकीपान.

आणि नावं लक्षात राहण्यासाठी एक उपाय, जो मी वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगते. मेंदू लोबनी नाही, रक्तवाहिन्यांनी शिका. खरे पेशंट बहुतेक स्ट्रोकचे असतात आणि स्ट्रोक लोबच्या सीमा बघून होत नाही. मोठ्या वाहिन्या तीन, दोन्ही बाजूंना एकेक. पुढची वाहिनी मुख्यतः आतल्या बाजूला वर रक्त देते, ती बंद पडली की विरुद्ध बाजूचा पाय हातापेक्षा जास्त लुळा. मधली बाहेरच्या मोठ्या पृष्ठभागाला, ती बंद पडली की विरुद्ध बाजूचा चेहरा आणि हात, आणि डावीकडची असेल तर त्यासोबत बहुतेक वेळा भाषा. मागची वाहिनी ऑक्सिपिटल लोबला आणि त्याच्या आसपासच्या भागाला, ती गेली की दृष्टिक्षेत्राचा विरुद्ध अर्धा भाग दिसेनासा होतो. एवढ्या तीन ओळींवर एक रिकामा मेंदू काढून त्यात रंग भर, मग जायरसची नावं आपोआप आपापल्या जागी बसतात.

टिपकागद, तुझ्या दिशांसाठी : डॉर्सल म्हणजे पाठीकडे, व्हेंट्रल म्हणजे पोटाकडे, असं चार पायांच्या प्राण्यावर ठरलंय. माणूस उभा राहिला, मेंदू काटकोनात वळला, म्हणून मेंदूत डॉर्सल वर आणि मणक्यात तेच मागे. मीडियल म्हणजे मध्यरेषेकडे, लॅटरल म्हणजे बाहेरच्या बाजूकडे. प्राण्याचं चित्र काढून त्यावर बाण टाक, गोंधळ संपेल.

टिपकागद :
अरे हो! आता कळलं. धन्यवाद ताई. आणि तो एक प्रश्न परीक्षेत दरवेळी येतो, डावा डोळा उजव्या गोलार्धात जातो ना?

गारवा :
नाही, इथे हमखास मार्क जातात. डोळा नाही, दृष्टिक्षेत्र. समोर एका बिंदूकडे बघत राहिलात तर त्याच्या डावीकडचं जे काही आहे ते दोन्ही डोळ्यांना दिसतं, आणि दोन्ही डोळ्यांतून त्या डाव्या अर्ध्याची माहिती उजव्या गोलार्धात जाते. प्रत्येक डोळ्यातले नाकाकडचे तंतू ऑप्टिक कायझमपाशी, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नसा भेटतात तिथे, बाजू ओलांडतात म्हणून असं होतं. हे पक्कं नसेल तर स्प्लिट-ब्रेन, म्हणजे दोन गोलार्धांमधला दुवा कापलेले पेशंट, कधीच समजणार नाहीत.

सांजसावली :
मी विद्यार्थी नाही पण हा धागा अथपासून इतिपर्यंत वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. वडिलांना उजव्या बाजूचा स्ट्रोक झाला, डावा हात कमजोर आहे. पण त्याहून विचित्र म्हणजे ताटातलं उजवीकडचं संपवतात, डावीकडचं तसंच ठेवतात आणि अजून वाढा म्हणतात. दाढी उजव्या गालाचीच करतात. डावीकडून हाक मारली तर उजवीकडे बघतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठीक आहेत सांगितलं. घरातले काहीजण म्हणतात मुद्दाम करतायत, लक्ष वेधून घ्यायला. मला ते पटत नाही पण समजावून सांगताही येत नाही. आणि हाताबद्दल विचारलं की म्हणतात हाताला काही झालेलं नाही, आत्ता उचलायचा नाहीये एवढंच.

उंबरठा :
सांजसावली, सगळ्यात आधी : ते मुद्दाम करत नाहीयेत. तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की तुमच्या डॉक्टरांना हेच्या हेच वाचून दाखवा, तपासणी त्यांनीच करायला हवी. तुम्ही सांगताय त्याला नेग्लेक्ट म्हणतात. उजव्या गोलार्धाच्या स्ट्रोकनंतर हे बरेचदा दिसतं. डोळ्यांना दिसतं, पण लक्ष त्या बाजूला वळतच नाही, आणि वळत नाही हेही जाणवत नाही. अर्धं दिसत नसलेला माणूस मान वळवून बघतो, कारण आपल्याला तिकडचं दिसत नाही हे त्याला माहीत असतं. नेग्लेक्टमध्ये वळवावी असंच वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तिकडे काही राहिलेलंच नसतं.

घरच्यांना समजावायला हा प्रयोग सांगा. १९७८ मध्ये एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझाती या दोघांनी मिलानमधल्या अशाच पेशंटना सांगितलं, डोळ्यांसमोर कॅथेड्रलचा चौक आणा, चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून कॅथेड्रलकडे तोंड केलंय अशी कल्पना करा, आणि आसपास काय आहे ते सांगा. त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा, पाठ कॅथेड्रलला. आता जी बाजू मघाशी डावी होती ती उजवी झाली, आणि मघाशी गाळलेल्या इमारती त्यांनी सांगितल्या, मघाशी सांगितलेल्या गाळल्या! म्हणजे माहिती सगळी आत होती. समोर काही नसताना, नुसत्या कल्पनेतसुद्धा डावी बाजू हरवत होती. असं कुणी ठरवून करू शकत नाही.

चाचणीत काय दिसतं तेही सांगते, विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल. एक कागद मधोमध ठेवायचा, त्यावर आडवी रेघ, तिच्या मध्यावर खूण करा म्हणायचं. खूण उजवीकडे सरकते, कधी थोडी, कधी पार टोकाजवळ. मग तारे विखुरलेला कागद, सगळे लहान तारे खोडा म्हणायचं. पेशंट उजव्या कडेपासून सुरू करतो, खोडत खोडत मध्याच्या जवळ येतो आणि पेन्सिल खाली ठेवून "झालं" म्हणतो, तेही अगदी समाधानाने. मग घड्याळ काढायला सांगायचं. गोल नीट येतो, आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने कोंबलेले असतात. वाचायला दिलं तर ओळीची सुरुवात गाळली जाते, कधी शब्दाचीसुद्धा, "समाधान" लिहिलं असेल तर "धान" वाचतात.

हाताला काही झालं नाही म्हणतात ना, त्याला अनोसोग्नोसिया म्हणतात, हे नाव जोसेफ बबिन्स्की यांनी १९१४ मध्ये दिलं. आपला आजार आपल्याला न कळणं हे मेंदूच्या इजेतूनच येतं, हट्टातून नाही. त्यावर वाद घालू नका, त्याने दोघांनाही त्रास होतो. पण चालताना, उठताना सोबत नक्की राहा, कारण पाय नीट आहे समजून उठले तर पडू शकतात. पहिल्या आठवड्या-महिन्यांत यात पुष्कळांची सुधारणा होते. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून डावीकडे बघायचा सराव करून घेतात, वाचताना डाव्या समासाला ठळक रंगीत पट्टी लावतात, ती दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यायची. ताट हळूच फिरवून द्या, बाकीचं तेही खातील.

सांजसावली :
खूप खूप आभार ताई. तो चौकाचा प्रयोग काल रात्री भावाला वाचून दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला उद्या मी डॉक्टरांना भेटायला येतो. न्यूरोसायकॉलॉजीची तपासणी करून घ्यायची असं आता ठरलंय.

दवबिंदू :
मी स्पीच थेरपिस्ट आहे, भाषेवर थोडं लिहिते, कारण पुस्तकातली अफेजियाची (मेंदूच्या इजेने भाषा अडते त्याची) उदाहरणं बहुतेक इंग्रजी असतात आणि आपल्या मुलांना ती ऐकूच येत नाहीत. ब्रोका प्रकारात बोलणं असं येतं : "काल... डॉक्टर... गोळी... दोन... नको." एकेका शब्दासाठी झटापट, आणि माणसाला आपण अडतोय हे कळत असतं, डोळ्यात पाणी येतं. वेर्निके प्रकारात, ज्याचं वर्णन कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये केलं, बोलणं अस्खलित आणि चाल अगदी नेहमीची : "नाही नाही, ते तिकडचं घेतलं ना काल, मग त्याचं ते करायचं म्हणून सगळी पाटणी लावून टाकली." दाराबाहेरून ऐकलं तर वाटेल की नेहमीचं बोलणं चाललंय. आत जाऊन ऐकलं की कळतं की अर्थ लागत नाही, आणि आपण विचारलेलंही त्यांना पोचत नाही. (दोन्ही वाक्यं मी समजावण्यासाठी रचलीयेत, कुणा पेशंटची नाहीत.)

आणखी एक. ब्रोका अफेजियात व्याकरणाचे तुकडे गळतात असं पुस्तकात असतं. इंग्रजीत शब्दाचा शेवट गाळला तरी शब्द उरतो, पण हिब्रू किंवा इटालियनसारख्या भाषांत नुसता उघडा धातू कुणी बोलत नाही, तिथे पेशंट प्रत्यय गाळण्यापेक्षा चुकीचा लावतात असं संशोधनात दिसलंय. म्हणून "प्रत्यय गळणे" हे लक्षण म्हणून पाठ करू नका, प्रत्येक भाषेत ते वेगळं दिसतं.

आणि कृपया अफेजिया म्हणजे बुद्धी कमी झाली असं समजू नका, समजू देऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या माणसांना सगळ्यात जास्त दुखावतं ते लोक त्यांच्याशी लहान मुलासारखं बोलायला लागतात तेव्हा.

केतकीपान :
दवबिंदू, खूप उपयोगी. एक विचारू का सगळ्यांना, ते डावा मेंदू हिशोबी आणि उजवा कलाकार, हे आमच्या वर्गात एकीने प्रेझेंटेशनमध्ये सांगितलं आणि कुणी काही बोललं नाही. ते स्प्लिट-ब्रेनवरून आलंय का?

गारवा :
उगम तिथलाच, पण निष्कर्ष भलताच. फिट्ससाठी काही पेशंटचं कॉर्पस कॅलोसम, म्हणजे दोन गोलार्धांना जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा पूल, कापला जायचा. रॉजर स्पेरी आणि मायकेल गझानिगा यांनी या पेशंटवर प्रयोग केले, स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं. सगळ्यात विचार करायला लावणारा प्रयोग : पेशंटच्या उजव्या दृष्टिक्षेत्रात कोंबडीचा पंजा दाखवला, डाव्यात बर्फाचं दृश्य. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडा म्हटलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने फावडं. फावडं का, असं विचारलं तर बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाने बर्फ पाहिलेलाच नाही, पण "माहीत नाही" असं उत्तर आलं नाही. कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं, असं झटकन उत्तर आलं, आणि तेही पूर्ण खात्रीने. गझानिगा या भागाला इंटरप्रिटर म्हणतात. आपण आपल्या वागण्याची जी कारणं देतो त्यातली किती अशी मागाहून रचलेली असतील, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

पण बघा, हे पूल कापलेल्या मेंदूंचं झालं. आपला पूल शाबूत आहे, दोन्ही बाजू सतत एकत्र काम करतात. भाषा बहुतेक उजखोऱ्यांत डावीकडे जास्त असते हे खरं, डावखोऱ्यांतसुद्धा बहुतेकांची डावीकडेच. पण उजवा गोलार्ध बोलण्यातला सूर, गर्भितार्थ यात भाग घेतोच. माणसंच डाव्या मेंदूची किंवा उजव्या मेंदूची असतात याला आधार नाही. तीच गत "मेंदू दहाच टक्के वापरतो" याची. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला अवयव साधारण वीस टक्के ऊर्जा खातो, नव्वद टक्के रिकामा ठेवून एवढा खर्च कशाला होईल?

टिपकागद :
मग आता स्कॅनर आहेत तर जुन्या पेशंटच्या गोष्टी कशाला शिकायच्या? एफएमआरआयमध्ये मेंदूचं काम थेट दिसतंच ना.

गारवा :
थेट नाही दिसत. एफएमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक मोजतो, आणि तो बदल पेशी कामाला लागल्यावर चार-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. जागा मिलिमीटरमध्ये कळते पण वेळ ढोबळ. ईईजीचं (डोक्यावरून मेंदूतली विद्युत हालचाल मोजतात त्याचं) उलट, वेळ मिलिसेकंदात, जागा ढोबळ. आणि ते रंगीत ठिपके म्हणजे फोटो नाही, हजारो जागी केलेल्या संख्याशास्त्रीय तुलनेचा निकाल आहे. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी स्कॅनरमध्ये मेलेला सॅमन मासा ठेवून त्याला माणसांचे फोटो "दाखवले". एवढ्या तुलना केल्याबद्दलची दुरुस्ती न लावता गणित केलं तर माशाच्या मेंदूतही "हालचाल" दिसली, दुरुस्ती लावली की गेली.

त्याहून मोठा मुद्दा उंबरठा ताईंच्या विषयाचा आहे. स्कॅन सांगतो की काम करताना हा भागही चालू होता. तो भाग नसता तर काम अडलं असतं का, हे स्कॅन सांगत नाही. ते इजा झालेला पेशंट सांगतो. म्हणून दोन्ही लागतं.

उंबरठा :
अगदी. डी. एफ.चं उदाहरण जोडते. १९८८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेली तरुणी. मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी तिच्यासमोर फिरवता येणारी फट ठेवली. फट उभी आहे की आडवी, हातातलं कार्ड तसंच धरून दाखव म्हटलं तर जमेना. पत्र टाकतात तसं कार्ड आत टाक म्हटलं, की हात पोचायच्या आतच मनगट बरोब्बर वळायचं. आणि उलटे पेशंट आहेतच, परायटल भागाला इजा झालेले, ज्यांना फट कशी आहे ते सांगता येतं पण हात चुकीचा जातो. बघून ओळखणं आणि बघून करणं या दोन वाटा आहेत, यावर आजही वाद चालू आहेत. हे कुणाला आधी सुचलं असतं?

केतकीपान, चाचण्यांच्या युनिटसाठी थोडक्यात : स्ट्रूप, ट्रेल मेकिंग, रे आकृती, विस्कॉन्सिन कार्ड या सगळ्यांत स्कोअरपेक्षा चुकीचा प्रकार लिहायला शिक. विस्कॉन्सिनमध्ये पत्ते रंगाने लावायचे असतात, नियम न सांगता बदलतो आणि आता आकाराने लावायचे असतात. फ्रंटल इजेचा पेशंट रंगानेच लावत राहतो, कधीकधी तोंडाने "हे चूक आहे" म्हणत म्हणत हाताने तेच करतो. हे मी पेशंटसमोर बसून पाहिलंय आणि त्याच्या चेहऱ्यावरची असहायता बघवत नाही. तसंच नॉर्म्स : कोणत्या भाषेत, किती शिकलेल्या लोकांवर चाचणी प्रमाणित झालीये ते बघितल्याशिवाय कुणालाही "बिघाड आहे" म्हणू नये. कधी पेन्सिल न धरलेल्या माणसाची आकृती वाकडी आली तर त्यात मेंदूचा काही दोष नाही.

आता सगळ्यांना एक कोडं घालते, नोट्स न बघता सोडवा. एक सुशिक्षित माणूस, एके दिवशी वाचता येईनासं होतं. बोलणं ठीक, ऐकून समजणं ठीक. सांगितलेलं सुरेख लिहितो. पण पाच मिनिटांनी स्वतःचंच अक्षर दिलं तर वाचता येत नाही. उजवीकडचं अर्धं दृष्टिक्षेत्र गेलंय. इजा कुठे?

केतकीपान :
प्रयत्न करते. लिहिता येतंय म्हणजे अक्षरांचं ज्ञान आत शाबूत आहे आणि भाषेचे डावीकडचे भाग पण. उजवं दृष्टिक्षेत्र गेलं म्हणजे डावा ऑक्सिपिटल गेला. पण मग डावं क्षेत्र दिसतंय ना, ते उजव्या ऑक्सिपिटलमध्ये पोचतंय, तिथून अक्षर दिसायला हवं... दिसतंय पण डावीकडच्या भाषेपर्यंत जात नाहीये? म्हणजे पूल पण तुटलाय? कॉर्पस कॅलोसमचा मागचा भाग? आणि हे दोन्ही मागच्याच वाहिनीकडून रक्त घेतात का? तसं असेल तर एकाच स्ट्रोकमध्ये दोन्ही जाऊ शकतात.

गारवा :
वा! शेवटचं वाक्य सगळ्यात भारी.

उंबरठा :
शंभर टक्के बरोबर, केतकीपान, आणि तेही तक्ता न बघता. पुलाच्या त्या मागच्या भागाला स्प्लेनियम म्हणतात. ही केस झ्यूल देझरीन यांनी १८९२ मध्ये मांडली. त्या गृहस्थांना अक्षरं वाचता यायची नाहीत पण आकडे यायचे, हिशोब करायचे. आणि अक्षरावरून बोट फिरवलं की ते कोणतं अक्षर आहे ते सांगायचे, कारण ती माहिती डोळ्यांच्या वाटेने न येता हाताच्या हालचालीतून डावीकडे पोचत होती. पुढे त्यांना दुसरा स्ट्रोक झाला आणि लिहिणंही गेलं. मृत्यूनंतर मेंदू पाहिला तर जुनी इजा डाव्या ऑक्सिपिटलमध्ये आणि स्प्लेनियममध्ये, ताजी इजा डाव्या अँग्युलर जायरसमध्ये (परायटल लोबमधल्या एका घडीत). आता ही ताजी इजा आधी झाली असती आणि जुनी झालीच नसती तर वाचणं आणि लिहिणं यांचं काय झालं असतं, ते टिपकागदने सांगावं.

टिपकागद :
अक्षरांचं ज्ञानच गेलं असतं, म्हणजे वाचणं आणि लिहिणं दोन्ही. बोट फिरवूनही उपयोग झाला नसता. आणि उजवीकडचं दिसत राहिलं असतं.

उंबरठा :
बरोबर. उद्या अप्राक्सियावर, म्हणजे हात चालत असूनही ठरवून कृती न जमण्यावर, एक केस टाकते.